खाली खिळलेली नजर आणि मखमलीचा हक्क
(ईव्ह ट्यूमर यांच्या 'दि असिम्प्टॉटिकल वर्ल्ड' या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने)

दलित साहित्याच्या चळवळीने काळ्या अमेरिकेकडे पाहिले ते कवितेच्या, कादंबरीच्या आणि राजकीय संघटनेच्या वाटेने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. पुढे डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याचा विचार औरंगाबादच्या तरुण लेखकांपुढे ठेवला. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. या सगळ्या नात्यात एक गोष्ट राहून गेली. ती म्हणजे संगीत. ब्लूज आणि जाझ ही नावे आपल्या लेखांतून आली, पण ती दुःखाची प्रतीके म्हणून आली. काळा माणूस गाणार म्हणजे गुलामीची वेदना गाणार किंवा क्रांतीची हाक देणार, अशी आपली एक ठाम समजूत झाली. तो कर्कश विजेची गिटार वाजवील, डोळ्यांना रंग लावील, मखमल घालील आणि स्वतःच्या प्रेमभंगाखेरीज दुसऱ्या कशाविषयीही बोलणार नाही, ही शक्यता आपल्या हिशेबातच नव्हती.

प्रस्तुत ध्वनिमुद्रिका या हिशेबाबाहेरची आहे. म्हणून तिचा विचार येथे केला पाहिजे.

ईव्ह ट्यूमर हे टोपणनाव आहे. हे कलावंत अमेरिकेच्या दक्षिणेतील टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिल शहरात वाढले. बर्लिनच्या 'पॅन' या संस्थेने २०१६ साली त्यांची 'सर्पंट म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यानंतर 'वॉर्प' या ब्रिटिश संस्थेकडून २०१८ साली 'सेफ इन द हँड्स ऑफ लव्ह' आणि २०२० साली 'हेवन टू अ टॉर्चर्ड माइंड' या ध्वनिमुद्रिका आल्या. आरंभी त्यांचे काम यंत्रांच्या तुटक आवाजांचे, तुकड्यांना तुकडे जोडण्याचे होते. हळूहळू त्यातून गाणे वर येत गेले आणि गिटार पुढे आली. जुलै २०२१ मध्ये 'दि असिम्प्टॉटिकल वर्ल्ड' ही छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. तीत सहा गाणी आहेत आणि ती सारी वीस-एक मिनिटांत संपतात. समीक्षकांनी तिच्यात दोन परंपरांचा संगम पाहिला. एक 'शूगेझ' आणि दुसरी 'ग्लॅम'. या दोन शब्दांचा अर्थ नीट उलगडला तरच या सहा गाण्यांत काय घडते आहे ते कळेल. कारण दोन्ही शब्द नजरेविषयीचे आहेत. एकात माणूस खाली पाहतो. दुसऱ्यात तो म्हणतो, माझ्याकडे पाहा.

१

'शूगेझ' म्हणजे स्वतःच्या बुटांकडे पाहणे. हे नाव ब्रिटनमधल्या संगीत-साप्ताहिकांनी १९९० च्या सुमारास थट्टेने दिले. त्या काळी काही तरुण वादक रंगमंचावर उभे राहत आणि मान खाली घालून वाजवत. श्रोत्यांकडे बघत नसत. त्याचे एक साधे कारण होते. त्यांच्या पायांशी पेडल पसरलेली असत. गिटारच्या तारेचा आवाज या छोट्या पेट्यांतून जातो. एक पेटी तो आवाज फाडते, दुसरी त्याला प्रतिध्वनी जोडते, तिसरी तो लांबवते. कोणती पेटी केव्हा पायाने दाबायची हे बघण्यासाठी नजर खाली ठेवावी लागे. अशा अनेक थरांनी आवाजाची एक भिंत उभी राहते आणि गाणाऱ्याचा गळा त्या भिंतीत अर्धा बुडून जातो. शब्द कळतात न कळतात. 'राइड' या गटाची 'नोव्हेअर' (१९९०), 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या डब्लिनमध्ये सुरू झालेल्या गटाची 'लव्हलेस' (१९९१) आणि 'स्लोडाइव्ह'ची 'सूव्हलाकी' (१९९३) या तिचे आदर्श मानल्या जातात.

ही गोऱ्या, बहुतेक मध्यमवर्गीय मुलांची शैली म्हणून इतिहासात नोंदली गेली. पण नोंद कोण करतो, हा आपला जुना प्रश्न येथेही विचारला पाहिजे. 'लव्हलेस'च्या चार वर्षे आधी, १९८७ साली, पूर्व लंडनमधल्या दोन काळ्या तरुणांनी, ॲलेक्स अयुली आणि रूडी टांबाला यांनी, 'ए. आर. केन' या नावाने 'लॉलिटा' ही छोटी ध्वनिमुद्रिका काढली. १९८८ साली त्यांची 'सिक्स्टी नाइन' आली. गिटारच्या फाटलेल्या आवाजात विरघळणारा गळा, स्वप्नासारखी लांबत जाणारी लय, हे सगळे त्यांच्याकडे होते. आपल्या संगीताला त्यांनी 'ड्रीमपॉप' हे नाव स्वतः दिले. ते नाव पुढे इतरांच्या संगीताला चिकटले आणि ते दोघे तळटिपेत गेले. काळा माणूस गिटार घेऊन स्वप्न पाहू शकतो, हे संगीताच्या बाजारालाही आणि त्याच्या इतिहासकारांनाही पटकन सुचत नाही. वस्तू ज्याने घडवली त्याचे नाव पुसायचे आणि जो नंतर आला त्याला जनक म्हणायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. तमाशाच्या फडात वाढलेली लावणी सभागृहात गेली तेव्हा तिच्या कलावंतिणी बाहेरच राहिल्या, हे आपण पाहिले आहे.

पण त्याहून महत्त्वाचे आहे ते खाली पाहणे. इंग्लंडमधल्या त्या मुलांनी नजर खाली घातली ती लाजाळूपणाने, किंवा प्रसिद्धीचा कंटाळा दाखवण्यासाठी. ती त्यांची निवड होती. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाची खाली घातलेली नजर हा दंडक होता. त्याने गोऱ्या स्त्रीकडे पाहिले एवढाच त्याचा गुन्हा ठरू शके. १९५१ साली नॉर्थ कॅरोलायनात मॅट इंग्रॅम या काळ्या कुळाला न्यायालयाने हल्ल्याबद्दल दोषी ठरवले. त्याने त्या गोऱ्या मुलीला हात लावला नव्हता. तो तिच्या जवळही गेला नव्हता. ६०-७० फुटांच्या अंतरावरून त्याने तिच्याकडे पाहिले, हा हल्ला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ही शिक्षा रद्द केली. आपल्याकडे मान खाली घालून 'जोहार मायबाप' म्हणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सावलीचा विटाळ मानणाऱ्या समाजात नजरेचाही विटाळ होतोच. ज्यांच्या पूर्वजांना वर पाहण्याची शिक्षा झाली, त्यांच्यातल्या एखाद्याने 'बुटांकडे पाहणारे' संगीत हाती घेतले तर त्या खाली पाहण्याचा अर्थ तोच राहत नाही. हा अर्थ ट्यूमर यांनी कुठे सांगितलेला नाही. तो आपण आपल्या जागेवरून लावतो आहोत. पण कलाकृती एकदा बाहेर पडली की तिच्या अर्थावर ऐकणाऱ्याचाही अधिकार असतो.

२

आता 'ग्लॅम'. १९७१ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मार्क बोलन हा गायक गालांवर चमकी लावून आला. १९७२ साली डेव्हिड बोवी यांनी 'झिगी स्टारडस्ट' हे परग्रहावरून आल्यासारखे पात्र उभे केले. चकाकते कपडे, उंच टाचा, रंगवलेले डोळे, पुरुष की स्त्री हा प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवणारा देखावा, आणि त्याखाली साधा, ठोक्याचा, पाय आपटायला लावणारा रॉक. याला ग्लॅम म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याची कथा बहुधा लंडनपासून सुरू होते.

ती जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावापासून सुरू झाली पाहिजे. तिथे १९३२ साली लिटल रिचर्ड जन्मले. उंच रचलेले केस, रेखलेल्या भुवया, चेहऱ्याला पावडर आणि पियानोवर तुटून पडणारा देह. १९५५ साली त्यांचे 'टूटी फ्रूटी' आले. दक्षिणेत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची गोऱ्यांनी हत्या केली, तेच हे साल. त्याच दक्षिणेतला एक काळा माणूस चेहरा रंगवून किंचाळत गात होता. काही महिन्यांत पॅट बून या सभ्य गोऱ्या गायकाने तेच गाणे धुऊन-पुसून म्हटले आणि त्याची तबकडी सर्वसाधारण यादीत मूळ गाण्याच्याही वर गेली. बोवी यांनी लिटल रिचर्ड यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते. पण ऋण मान्य करणे वेगळे आणि वारसा परत मिळणे वेगळे.

याची मुळे व्यवस्थेत आहेत. १९२० च्या दशकापासून अमेरिकन कंपन्या काळ्यांचे संगीत 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या नावाने विकत होत्या. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव १९४९ साली बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले. नाव बदलले, कप्पा राहिला. गावकुसाबाहेरच्या वस्तीला नवे नाव दिले म्हणून ती गावात येत नाही. या कप्प्यामुळे रॉक हे गोऱ्यांचे संगीत ठरले आणि ते ज्यांनी जन्माला घातले तेच त्यात पाहुणे झाले. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये गिटारवादक व्हर्नन रीड, लेखक ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांनी 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढली. काळ्या माणसाला रॉक वाजवण्याचा हक्क आहे, एवढे सांगण्यासाठी संघटना काढावी लागली, यातच सारे आले.

ग्लॅमचा दुसरा धागा वस्त्राचा आहे आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. १७४० साली साउथ कॅरोलायनाच्या वसाहतीने गुलामांविषयीचा एक कायदा केला. त्यात गुलामाने कोणते कापड अंगावर घालावे हे ठरवून दिले होते. जाडेभरडे, स्वस्त, 'निग्रो क्लॉथ' म्हणूनच ओळखले जाणारे कापड. त्याहून उंची कापड अंगावर दिसले तर ते काढून घेण्याची मुभा होती. या ध्वनिमुद्रिकेतल्या दुसऱ्या गाण्याचे नाव 'क्रश्ड व्हेल्व्हेट' आहे. चुरगळलेली मखमल. गाण्यात १७४० च्या कायद्याचा उल्लेख नाही, तो असण्याचे कारणही नाही. पण ज्याच्या अंगावर एके काळी मखमल हा गुन्हा होता, तो ती घालतो, चुरगळतो आणि तिच्या नावाचे गाणे करतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर इतिहास आपोआप येतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण येथे आठवावे. लुगडे नेसण्याची पद्धत, गळ्यातल्या सऱ्या, कोपरापर्यंतचे चांदी-कथलाचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळखचिन्हे आहेत, ती टाका, असे त्यांनी सांगितले. पोशाख ही त्यांच्या लेखी वरवरची बाब नव्हती. ती व्यवस्थेने अंगावर लिहिलेली अक्षरे होती आणि ती पुसणे हा सत्याग्रहाचाच भाग होता. त्यांचा स्वतःचा सूटही याच अर्थाने वाचावा लागतो.

पण येथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. आपल्या इतिहासात नटणे नेहमीच मुक्तीचे नव्हते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असा उल्लेख चळवळीच्या इतिहासात येतो. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. तिथे शृंगार होता, चमकी होती, टाळ्या होत्या. पण नजर कोणाची होती? दौलतजादा करणाऱ्याची. तेव्हा 'माझ्याकडे पाहा' असे म्हणणारा प्रत्येक जण मुक्त असतो असे नाही. पाहणाऱ्याने त्याला तसे म्हणायला लावलेले असू शकते. ग्लॅमची परीक्षा याच ठिकाणी होते. नटणारा स्वतःच्या अटींवर नटतो आहे का?

३

ही परीक्षा लावून सहा गाणी ऐकू.

पहिले गाणे 'जॅकी'. जड ठोक्यांवर गिटारींचे थर चढतात आणि मोठे, सगळ्यांना एकदम म्हणता येईल असे पालुपद येते. विषय जगात सर्वात जुना. सोडून गेलेल्या माणसाची आठवण, उडालेली झोप, अन्नावरची वासना जाणे, आणि तुला जाग येते तेव्हा तुला माझी आठवण येते का हा प्रश्न. येथे शूगेझची भिंत आहे, पण एक फरक आहे. गळा भिंतीत बुडत नाही. तो भिंतीच्या पुढे उभा राहतो. शूगेझच्या रूढ रीतीत गाणारा स्वतःला पुसून टाकतो. ते पुसणे ज्यांना ऐकले जाण्याची कधीच चिंता नव्हती त्यांना परवडते. ज्याचा आवाज पिढ्यान् पिढ्या दाबला गेला, त्याला स्वतःचा आवाज पुन्हा गाडणे ही चैन नव्हे. 'जॅकी'त ट्यूमर यांनी भिंत घेतली आणि गाडणे नाकारले. हाच या संगमाचा गाभा आहे. शूगेझकडून दुःखाचा आकार घेतला आणि ग्लॅमकडून वर उचललेली मान.

तिसऱ्या गाण्याचे लांबलचक नाव 'सीक्रसी इज इन्क्रेडिबली इम्पॉर्टंट टू द बोथ ऑफ देम'. गुप्तता त्या दोघांनाही फार मोलाची आहे, असा त्याचा अर्थ. वेगाने धावणारा बास, त्यामागे काळोख. मला हे या संचातले सर्वात नेमके गाणे वाटते. प्रेम लपवावे लागणे हा अनुभव जगभर आहे. पण काही माणसांना प्रेमाबरोबर आणखी बरेच काही लपवावे लागते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेला १९६३ साली जे सांगायचे होते, ते आजही शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या दलित तरुणाला सांगावे लागत नाही, इतके ते त्याला ठाऊक असते. लादलेली गुप्तता माणसाला पोखरते. ट्यूमर यांच्या गाण्यात मात्र गुप्तता दोघांनी मिळून जपलेली आहे. तिच्यात धोका आहे आणि आनंदही आहे. लपवणे हे लाजेचे न राहता मालकीचे होते. त्यांनी टोपणनाव धारण केले, खाजगी आयुष्य बाजारात मांडायला नकार दिला, हे याच वृत्तीशी जुळते.

चौथे 'टक' हे 'नेकेड' या जोडीबरोबर केलेले आहे. येथे यंत्रे परत येतात, आवाज खरखरीत आणि तुटका होतो. ओघात ते खड्यासारखे लागते. पण ट्यूमर यांच्या जुन्या कामाची ती खूण आहे. पाचव्या '…अँड लॉयल्टी इज अ न्यूसन्स चाइल्ड' या शीर्षकात निष्ठेला त्रासदायक पोर म्हटले आहे. 'कट्रिना' हे शेवटचे. हे नाव ऐकताच २००५ सालचे बुडालेले न्यू ऑर्लिन्स अनेकांना आठवेल. पण शीर्षकावरून गाण्यावर एवढे ओझे लादणे योग्य नाही. काळ्या कलावंताने कोणाचे नाव घेतले तर ते नाव एखाद्या आपत्तीचेच असले पाहिजे, असा हट्ट आपणही धरू नये.

४

येथेच खरा वाद आहे. या सहा गाण्यांत वंशभेदाविषयी काहीच घोषणा नाही. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मरण पावले. अमेरिकेचे रस्ते पेटले. त्यानंतर वर्षभराने काळा कलावंत प्रेमभंगाची गाणी घेऊन येतो. आपल्या परिभाषेत विचारायचे तर, बांधिलकी कुठे आहे?

हा प्रश्न काळ्या साहित्यात शंभर वर्षांचा आहे. १९२६ या एकाच वर्षी दोन लेख आले. डू बॉइस यांनी असे मांडले की सर्व कला हा प्रचारच असतो आणि आपल्या लोकांच्या हक्कांसाठी नसलेल्या कलेचे आपल्याला काही देणेघेणे नाही. लँगस्टन ह्यूज यांनी असे मांडले की काळ्या कलावंताने स्वतःला निर्भयपणे व्यक्त करावे. गोरे खूश झाले तर ठीक, न झाले तरी ठीक. आणि काळे खूश झाले, न झाले तरीही ठीक. वरवर पाहता हे दोघे परस्परविरोधी आहेत. परंतु ह्यूज यांनी ज्या कवीवर टीका केली तो काळेपणापासून दूर पळू पाहत होता. म्हणजे ह्यूज यांचे स्वातंत्र्य हे पळण्याचे स्वातंत्र्य नव्हे. स्वतःच्या जागेवर उभे राहून हवे ते बोलण्याचे ते स्वातंत्र्य आहे. ट्यूमर यांना ही कसोटी लावली तर काय दिसते? २०१८ सालच्या 'नॉइड' या गाण्यात पोलिसांची भीती, त्यांच्यावर विश्वास ठेवता न येणे, हे त्यांनी थेट मांडले होते. विषय त्यांना ठाऊक नाही किंवा तो त्यांना जड जातो, असे म्हणता येणार नाही. २०२१ साली त्यांनी तो विषय घेतला नाही, ही निवड आहे.

या निवडीचे मोल आपल्या अनुभवाने कळावे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठी मध्यमवर्ग हादरला. त्या आत्मकथनाची ताकद निर्विवाद आहे. पण त्यानंतर प्रस्थापितांच्या अभिरुचीने एक सोय करून घेतली. दलित लेखकाने दुःख सांगावे, आपण ते वाचून हळहळावे, आणि त्याच्या कवितेच्या घडणीची, प्रतिमेची, लयीची चर्चा मात्र करू नये. साक्ष त्याची, सौंदर्य आमचे. ही वाटणी म्हणजे नवी वर्णव्यवस्थाच. दलित कवीने चांदण्याविषयी लिहिले तर 'यात दलित काय?' असे विचारले जाते. सवर्ण कवीला 'यात सवर्ण काय?' असे कोणी विचारत नाही. ट्यूमर यांची गाणी या वाटणीला जुमानत नाहीत. माझ्या वाट्याला केवळ जखम येणार नाही, मखमलही येईल, आणि ती चुरगळण्याचा अधिकारही येईल, असे ती आपल्या घडणीतून सांगतात. अन्यायाची साक्ष देणे हे आपले कर्तव्य आहे. पण मुक्तीची कल्पना साक्षीपुरतीच ठेवली तर मुक्त झाल्यावर माणूस करणार काय? तो प्रेम करील, फसेल, रात्रभर जागेल, नटेल. हे करण्याची मोकळीक म्हणजेच माणूसपण.

असे असले तरी या ध्वनिमुद्रिकेला सर्व गुण देऊन मोकळे होणे हा प्रामाणिकपणा ठरणार नाही. तिच्यात उणिवा आहेत. शब्दांची बाजू दुबळी आहे. गाणी पालुपदांवर आणि आवाजाच्या वजनावर उभी राहतात. एखादी ओळ एकटी, वाद्यांवाचून उभी करून पाहिली तर ती लटपटते. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे किंवा वामनदादा कर्डक यांचे शब्द डफ-ढोलकीशिवायही चालतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला हा फरक जाणवेल. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जॅकीला प्रश्न विचारले जातात, पण जॅकी बोलत नाही. ती व्यक्ती नावापलीकडे आकारच घेत नाही. ज्याला हाक मारली त्याला उत्तर देण्याची जागा ठेवलेली नाही. स्वतःच्या आवाजासाठी भिंतीपुढे येणाऱ्या कलावंताने समोरच्यालाही आवाज द्यायला हवा होता. आपल्याकडे दलित स्त्रियांनी दलित पुरुष लेखकांना हाच जाब विचारला आणि तो रास्त होता.

तिसरी गोष्ट बाजाराची. चमकी, चामडे, रंगवलेला चेहरा आज फॅशनच्या नियतकालिकांना हवाच असतो. काल ज्याचे बंड होते ते आज छायाचित्र होते. टोपणनावाची गूढताही विकता येते. तमाशाच्या बाबतीत जो प्रश्न वर विचारला, स्वतःच्या अटींवर की पाहणाऱ्याच्या, तो येथे पूर्ण सुटत नाही. माझे मत असे की संगीतात तो सुटतो, प्रतिमेत सुटत नाही. 'टक'सारखे कानाला टोचणारे गाणे संचाच्या मधोमध ठेवणारा कलावंत केवळ गिऱ्हाइकाच्या मर्जीने चालत नाही. पण त्याचे छायाचित्र ज्या कागदावर छापले जाते तो कागद मात्र गिऱ्हाइकाचाच आहे.

५

शेवटी शीर्षकाविषयी. 'असिम्प्टोट' ही गणितातली संज्ञा आहे. एक वक्र एका सरळ रेषेच्या जवळ जवळ जात राहतो. अंतर कमी होत जाते, हवे तितके कमी होते, पण ते पूर्ण मिटत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र न पडणारे' असा आहे. मराठीत तिला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. ग्रीक शब्दाने न मिळणे पाहिले, मराठी शब्दाने स्पर्श पाहिला, तोही अनंतावर ढकललेला. प्रेमाच्या गाण्यांना हे शीर्षक शोभते. दोन माणसे जवळ येतात आणि मध्ये केसाएवढे अंतर उरते.

पण 'स्पर्श' हा शब्द आपण निर्विकार मनाने ऐकू शकत नाही. घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. अमेरिकेत १९६४ आणि १९६५ साली नागरी हक्कांचे आणि मतदानाचे कायदे झाले. तेव्हापासून अंतर कमी होत आहे, असे आपल्याला सांगितले जाते. आलेख काढून दाखवले जातात. वक्र रेषेच्या जवळ येतो आहे, थोडा धीर धरा. समता अनंतावर आहे, असे म्हणण्याची ही सभ्य रीत आहे. जवळ येणे म्हणजे मिळणे नव्हे, हे गणित जाणते. शोषितांनी ते अंगावर जाणले आहे.

ईव्ह ट्यूमर यांची सहा गाणी हे अंतर मिटवत नाहीत. तशी अपेक्षा वीस मिनिटांच्या संगीताकडून करणेही गैर आहे. ती एवढेच करतात की, ज्या संगीताचा उगम काळ्या घरात झाला आणि ज्याच्यावर नंतर दुसऱ्याचे नाव लागले, ते परवानगी न मागता वापरतात. खाली पाहण्याच्या शैलीत मान वर करतात. ज्याला फक्त विव्हळण्याची मुभा होती त्याला शृंगाराची भाषा देतात. यात दोष आहेत, ते वर सांगितले. पण आपल्या तरुण कवींनी आणि गायकांनी ही गाणी ऐकावीत असे मला वाटते. आपले दुःख सांगणे थांबवा असे ती सांगत नाहीत. तुमच्या वाट्याला दुःखाखेरीज काय काय यायला हवे होते, याची यादी करायला ती सांगतात. ही यादी करणे हेही विद्रोहाचेच काम आहे. आपल्या साहित्याने ते अजून पुरेसे केलेले नाही.